आक्काचा ओटा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे विजयमालाआक्काला, देवानं सगळं उंचावर दिलं. घर उंचावर, आवाज उंच, आणि नाक तर विचारूच नका. मी सुकन्या, तिची धाकटी जाऊ, त्याच गल्लीत खालच्या टोकाला राहते. गल्लीत पडलेला पाऊस आधी तिच्या दारावरून जातो आणि मग माझ्या घरात येतो. तिच्या उंबऱ्याला आजवर पाणी लागलेलं नाही. तिच्याविषयी सांगायला बसले आहे, तेव्हा हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझा सूर तिरपा लागला तर कुणाला नवल वाटायला नको.

आक्का श्रीपूरची. तिचे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, म्हणून ती क्वार्टरमध्ये वाढली. नळ, पक्की गटार, रस्त्यावरचे दिवे हे सगळं तिनं जन्मापासून पाहिलेलं. माझं माहेर मंगळवेढ्याच्या पलीकडं, ज्वारीचं आणि मेंढरांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आक्का सायकल चालवायची आणि मला फक्त शेरडं वळता यायची. सासूबाईंनी, म्हणजे केराबाईंनी, तेव्हा चार बायकांत सांगून टाकलं होतं की थोरली घर चालवंल आणि धाकटी मला संभाळंल. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, माझ्या वाट्याला उरलंसुरलं आलं. मला मात्र तेवढी एकच गोष्ट आक्कापेक्षा जास्त मिळाली होती आणि ती मी घट्ट धरून ठेवली. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, आणि आत्या पहिल्यापासून माझ्याकडंच राहिल्या. माझी पोरं त्यांनीच वाढवली, आणि अंगणवाडीत मदतनीस म्हणून मला नोकरी करता आली तीही घरात त्या होत्या म्हणून.

आमचे सासरे धुळामामा. त्यांनी मेंढरं विकून सोलापुरात हद्दवाढीच्या भागात दोन प्लॉट घेतले, तेव्हा तिथं नुसत्या बाभळी आणि कुसळं होती. दोन्ही प्लॉट एकाच गल्लीत, एक वर, एक खाली. आमच्यात वाटणीची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. आमच्या मालकांनी, सिद्धरामनी, खालचा उचलला, कारण तिथं उन्हाळ्यातही गवत हिरवं होतं. मेंढरामागं फिरलेल्या माणसाला हिरवं दिसलं की पुढचं काही दिसत नाही. ते गवत हिरवं का, हे घर बांधून झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात कळलं. गल्ली म्हणजे जुनी ओघळ होती आणि तिचं पाणी पार मागच्या नाल्यापर्यंत आमच्याच जागेवरून जायचं. वाटा आम्हीच उचललेला, त्यामुळं कुणाला बोल लावायची सोय नाही. बोल लावता येत नाही म्हणूनच जास्त जळतं.

तरी सुरुवातीला बरं होतं. रस्ता मातीचा होता, अर्धं पाणी जागेवर मुरायचं. मग वस्ती वाढली आणि नगरसेवक विचारायला आले की वॉर्डाच्या निधीतून तुमच्या गल्लीला काय हवं. गल्लीच्या वतीनं बोलली कोण, तर आक्का. ती बचत गटाची अध्यक्ष, ऑफिसात गेली तर कुणी न सांगता खुर्चीवर बसणारी. तिनं काँक्रीटचा रस्ता मागितला. पुढच्या वेळी पेव्हर ब्लॉक मागितले, त्याच्या पुढच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी कमान. गटार कुणी मागितली नाही, कारण गटारीवर कुणी फीत कापत नाही आणि पाहुण्यांना कुणी गटार दाखवत नाही. रस्ता दरवेळी जुन्या रस्त्यावरच चढला आणि माझं घर होतं तिथंच राहिलं. आधी मी दोन पायऱ्या चढून घरात जायची, आता उतरून जाते.

रस्त्याच्या कडेला पाण्यासाठी सोडलेली पट्टी होती, तीही लोकांनी खाल्ली. कुणी गाडी चढवायला रॅम्प केला, कुणी तिथं जास्वंद लावली. आक्कानं ओटा बांधला. साधासुधा नाही, काळ्या ग्रॅनाइटचा, कडेला गोलाई दिलेला. आमच्या गल्लीतला सिद्धाप्पा गवंडी अजून सांगतो की तसलं काम त्यानं पुन्हा केलं नाही. संध्याकाळी आक्का त्या ओट्यावर शेंगा सोलत बसायची आणि येणारा-जाणारा थांबून दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जायचा नाही. मी भाजी घेऊन येताना तिथंच थांबायची, दगडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, छान आहे हं आक्का. घरी येऊन भाकरी थापताना मात्र माझा हात जरा जोरातच पडायचा.

थोरले दीर, बिभीषणदादा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते अचानक गेले. त्यानंतर त्यांचा मुलगा मल्लेश नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. आक्का एकटी पडली. लोक हळहळले, मीही हळहळले, आणि तेरावं झालं तसं पुन्हा तिच्या ओट्याचा हेवा करायला लागले. माणूस गेलं म्हणून ओटा काही गेला नव्हता.

मग तो हस्ताचा पाऊस आला. आमच्याकडं त्याला हत्तीचा पाऊस म्हणतात, आणि त्या वर्षी हत्ती खराच पिसाळला. दुपारची वेळ. मी अंगणवाडीतून घरी पोचेपर्यंत चुलीपाशी पाणी होतं. धान्याचा डबा तरंगत होता, गादी भिजून फुगली होती, आणि आत्या पलंगावर पाय वर घेऊन, घोंगडी डोक्यावर धरून शांत बसल्या होत्या. मालक फॅक्टरीतून धावत आले. त्यांनी आईला पाठीवर घेतलं आणि गल्लीनं वर चालू लागले. मी मागून आत्यांचं गाठोडं घेऊन. आक्का ओट्यावर दारच्या पत्र्याखाली उभी होती, कोरड्या लुगड्यात. तिनं हात पुढं केले आणि आत्यांना माझ्या नवऱ्याच्या पाठीवरून उतरवून घेतलं.

घर वाळायला पंधरवडा गेला. भिंतींना ओल धरली ती वेगळीच. फरशी पुसून, धूप घालून, पलंगावर नवी चादर टाकून मी आत्यांना आणायला गेले. त्या आक्काच्या दारात उन्हाला बसल्या होत्या. मी म्हटलं चला, तर त्यांनी मान हलवली.

"ज्या वाड्यात पानी शिरलं तिथं त्या साली मेंढरं बसवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पुढच्या सालचा एक हत्ती कोरडा जाऊ दे. तुझ्या घरात थेंब न्हाय आला तर त्याच दिशी मी खाली येती."

मेंढरांचं ठीक आहे. ओल्या वाड्यात त्यांच्या खुरांना रोग लागतो, हे मलाही माहीत आहे. पण आत्यांना काय खुरं आहेत? मी तेवढं बोललेसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही. सगळं आयुष्य कळपामागं चालत गेलेल्या बाईला वाडा आणि घर यांत फरक वाटत नव्हता. मालक म्हणाले, राहू दे, वरचं घर काय परकं आहे? त्यांना कळणार नव्हतं. परकं असतं तर मला एवढं लागलंच नसतं.

त्या हिवाळ्यात मी रोज वर जायची. निमित्त कधी चटणीचं, कधी औषधाचं. रोज काहीतरी नवीन दिसायचं. एकदा आक्का आत्यांच्या केसांना तेल लावत होती. ते केस आजवर मीच विंचरलेले, त्यांचा गुंता कुठं होतो ते माझ्या बोटांना माहीत. आक्का फणी उलटी धरत होती आणि आत्या काही बोलत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी आक्कानं त्यांना मऊ भात करून घातलेला. माझ्याकडं त्या भाकरीशिवाय जेवायच्या नाहीत, आणि तिथं भात चाटूनपुसून खाल्ला. अंगाचा तिळपापड झाला माझा. आक्काकडं घर होतं, ओटा होता, पुण्याहून पैसे पाठवणारा मुलगा होता. माझ्याकडं एक म्हातारी होती, तीही पावसानं उचलून तिच्या पदरात टाकली.

तेव्हा मी ठरवलं की आता गटार करून घ्यायचीच. आयुष्यात पहिल्यांदा महापालिकेच्या झोन ऑफिसात एकटी गेले. तिथं सई मॅडम म्हणून तरुण इंजिनिअर होत्या. नगरसेवकांची मुदत संपलेली, निवडणूक झालेली नव्हती, त्यामुळं मध्ये कुणी नाही, जे काय ते मॅडमच. त्यांनी मला बसवलं आणि नकाशावर आमची गल्ली दाखवली. गल्लीवर निळी रेघ होती. ती ओघळ कागदावर अजून जिवंत होती, आम्हीच तिच्यावर रस्ता चढवत गेलो होतो.

मॅडमनी समजावलं ते मला समजलं तसं सांगते. पावसाळी गटार वेगळी आणि मोरी-संडासाची ड्रेनेज लाइन वेगळी. एकाचं पाणी दुसऱ्यात जोडायचं नाही, नाहीतर दोन्ही तुंबतात. पावसाळी गटारीला मोठा वाटा सरकारच्या योजनेतून येतो आणि उरलेला शहरानं घालायचा असतो. रस्त्यांसाठी मागणी करणारे पुष्कळ, गटारीसाठी कुणी अर्जच करत नाही, म्हणून तो पैसा आमच्यापर्यंत कधी पोचला नाही. पूर आल्यामुळं आमची गल्ली आता यादीत वर गेली होती. पण अट होती. कडेची पट्टी गल्लीची नाही, शहराची आहे. ती मोकळी करून दिल्याशिवाय काम सुरू होणार नाही, आणि मार्चअखेरपर्यंत सुरू झालं नाही तर ते पैसे दुसऱ्या नाल्याकडं वळतील.

"सगळ्यांना नोटिसा जातील," मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही आपापसात काढलंत तर बरं."

नोटिसा आल्या. मी घरोघर फिरले. कमलम्मा, जिचा जास्वंदीचा वाफा होता, म्हणाली की काढते. रॅम्पवाले म्हणाले काढतो. प्रत्येकानं पुढं एकच वाक्य जोडलं, की आक्कानं ओटा काढला की आमचंही काढतो. गल्लीची रीतच ती. रस्ता तिच्यामागून मागितला, कमान तिच्यामागून मागितली, आता मागंही तिच्याचमागून सरायचं होतं.

मी आक्काकडं गेले. ती ओट्यावर बसली होती आणि शेजारी आत्या, पायावर घोंगडी घेऊन. मी सगळं सांगितलं. नाला, पट्टी, मार्चअखेर. आक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बघू. पुढच्या आठवड्यात गेले, तेव्हाही बघू. संक्रांत झाली, महाशिवरात्र झाली, आक्काचं आपलं बघूच. जी बाई ऑफिसातल्या साहेबाला उभ्या उभ्या काम करायला लावते, तिला एक ओटा काढायला मुहूर्त सापडेना. मी मालकांना म्हटलं, तुमच्या भावजयीला एका दगडापुढं आमचं घर दिसत नाही. मालक म्हणाले, तिनं हौसेनं केलाय गं. म्हणजे हौस तिची, आणि ओल आमच्या भिंतीला. मी त्या रात्री जेवले नाही. कुणी विचारलंही नाही, कारण विचारणारी वर होती.

मार्च उजाडला. सई मॅडमचा फोन आला की एवढा आठवडा बघते आणि मग मला दुसऱ्या कामाचं लिहावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहासुद्धा न घेता निघाले. आज आक्काला सोडायचं नाही, चारचौघांत बोलायचं, असं ठरवून. गल्लीच्या मध्यावर असताना घणाचा आवाज ऐकू आला. सिद्धाप्पा ओटा फोडत होता. आक्का बाजूला पदर खोचून उभी होती आणि तुटलेले तुकडे स्वतः उचलून कडेला रचत होती. आत्या मागच्या दारी उन्हाला बसल्या होत्या.

माझं सगळं पाठ केलेलं भांडण वायाच गेलं. मग म्हटलं, आक्का, एवढे दिवस लावले आणि आज का?

तिनं सिद्धाप्पाला चहाला पाठवलं. तो वळला तशी म्हणाली, "दगडाचं मला काय न्हाय गं. गटार झाली की तुझं घर कोरडं ऱ्हाणार आन् आत्या खाली जानार. मल्लेश फोनवर बोलतुय तेवढंच. ह्या घरात मानसाचा आवाज आला तो तुझ्या घरात पानी शिरलं म्हनून. तुझा मला लई हेवा वाटतुय सुकन्या. पयल्यापासनं वाटतुय."

"मग फोडताय कशाला?"

"हत्तीचं बोलली खरं, पर रोज सकाळी उठून इचारती, खालचं घर वाळलं का म्हनून. किती दिस न्हाय म्हनू?"

म्हणजे माझं घर कधीच वाळलं होतं आणि ती आत्यांना रोज अजून ओल आहे म्हणून सांगत होती. मी चिडायला हवं होतं. चिडलेही, पण नंतर. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. श्रीपूरची, सायकलवाली, खुर्चीवर बसणारी विजयमालाआक्का, आणि तिला माझा हेवा वाटत होता. घरी येऊन मी आरशात पाहिलं. तेच पिकलेले केस, तीच नाकातली चमकी. तरी जरा वेळ पाहत राहिले.

दुपारपर्यंत कमलम्माची जास्वंद निघाली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतले सगळे रॅम्प. आठवड्याच्या आत जेसीबी आला. काम माझ्या दारापासून सुरू झालं. गल्लीतल्या वरच्या लोकांना ते आवडलं नाही. एवढा त्याग आम्ही केला आणि सुरुवात खालून का, असं म्हणत ते मॅडमकडं गेले. मॅडमनी सांगितलं, पाण्याचं काम नाल्याच्या तोंडापासून वर करत यायचं असतं. वरून केलं आणि मध्ये थांबलं तर सगळं पाणी जास्त वेगानं खालच्या घरात जाईल. लोक परतले. माझ्या मनाला तेवढा गारवा पुरला. आजवर या गल्लीत प्रत्येक गोष्ट वरून सुरू होऊन माझ्यापर्यंत येता येता संपायची. आता आक्काच्या दारात ओटाही नव्हता आणि गटारही नव्हती, नुसता मातीचा ढीग होता, आणि ती त्यावरून फळी टाकून ये-जा करत होती. मी मुद्दाम दिवसातून दोनदा तिकडून जायची.

गटार मे महिन्यात पुरी झाली. वर झाकणं, झाकणांना पाणी आत जायला फटी. मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की मोरीचा पाइप कुणी यात सोडायचा नाही आणि कचरा टाकायचा नाही. गल्लीनं माना डोलावल्या. फीत कुणी कापली नाही. मी आपली माझ्या दारातल्या झाकणाला हळदकुंकू वाहिलं, तर मालक हसले.

मृग गेला, आर्द्रा गेली. लहान-मोठे पाऊस झाले, उंबरा कोरडाच राहिला. पण आत्यांचा हिशेब हत्तीचा होता. मी दिवस मोजत होते. भाद्रपदात घरात पिवळा रंग मारला, पलंगाला नवी नवार भरली. भाकरीचा तवाही बदलला, कारण जुना तवा आत्यांना जड व्हायचा. आक्काकडं जाणं मी कमी केलं. आता थोडेच दिवस राहिलेत, असं तिच्या तोंडावर म्हणायचा मोह आवरत नव्हता, आणि ती मार्चातली सकाळ मधे यायची.

हत्ती आला तो घटस्थापनेनंतर, दुपारीच. आधी वारा, मग पत्रे वाजायला लागले आणि मग समोरचं घर दिसेना. मी पोतं घेऊन उंबऱ्यात बसले. पोतं लागलं नाही. गटारीच्या झाकणांखालून पाणी असं धडधडत नाल्याकडं चाललं होतं की जमीन पायाला थरथरत होती. रस्त्यावर पाणी होतं, पण ते कडेला वळत होतं आणि फटींतून आत जात होतं. पाऊस ओसरला तेव्हा मी मागं वळून घराकडं पाहिलं. फरशीवर थेंब नव्हता. मी एकटीच हसत बसले. मग पदर डोक्यावर घेतला आणि तशीच भिजत वर निघाले. काय बोलायचं तेही ठरलं होतं. आत्या, थेंब न्हाय आला, चला.

आक्काच्या दारात पोचले तर आत्यांचं गाठोडं बांधून तयार होतं. पावसाच्या आवाजावरूनच त्यांनी ओळखलं असेल की हाच तो. त्या पायात चपला घालून खुर्चीवर बसल्या होत्या, हातात काठी. आक्का जमिनीवर बसून त्यांच्या घोंगडीची घडी करत होती. एकदा केली, मोडली, पुन्हा केली. मी आले तरी तिनं मान वर केली नाही.

"काय गं," आत्या म्हणाल्या, "आलं का पानी?"

मी तोंड उघडलं. आक्काचा हात घडीवर थांबला. त्या हाताच्या पाठीवर शिरा वर आलेल्या, आणि मार्चात ग्रॅनाइटचा तुकडा लागलेला वण.

"आलं," मी म्हटलं.

म्हटलं आणि त्याच क्षणी मला पस्तावा झाला. सई मॅडमची मी मनातल्या मनात माफी मागितली. पिवळ्या भिंती आठवल्या, नवी नवार आठवली. शब्द परत घ्यावा म्हणून मी पुन्हा तोंड उघडलं, पण आत्यांनीच विचारलं की किती आलं, आणि माझ्या तोंडून गेलं, घोट्याएवढं.

माझं आत्यांनी जन्मात कधी खोटं धरलं नव्हतं, पण काठी टेकवून उठल्या. "मला बगू दे," म्हणाल्या. "एवढी मोठी गटार केली आन् पानी कसं आलं?" आणि दाराकडं निघाल्या.

आक्का ताडकन उठली. तिनं मोरीतली बादली उचलली, खराटा उचलला आणि म्हणाली की तुमी सावकाश या आत्या, निसरडं झालंय, आमी पुढं जाऊन पानी काढतो. माझा दंड धरून तिनं मला जवळजवळ ओढतच गल्लीतून खाली आणलं. माझ्या उंबऱ्यावर ती थांबली. आत पाहिलं. कोरडी, पुसून ठेवलेली फरशी. कोपऱ्यात आत्यांचा पलंग. भिंतींचा पिवळा रंग.

मला वाटलं, आता ही रडेल आणि मग मलाही रडावं लागेल. ती रडली नाही. तिनं माझ्याकडं जसं पाहिलं ते मी इथं सांगणार नाही, ते माझं आहे. मग दारातल्या कुंडीतली मूठभर माती बादलीत टाकली आणि माझ्या पिंपातलं पाणी तिच्यात भरलं. आत्यांना दिसतं कमी, पण पायाला ओल बरोबर कळते.

गल्लीत काठी वाजत होती, जवळ येत होती.

पहिली बादली आक्कानं ओतली. दुसरी मी ओतली, तिच्यापेक्षा जास्त भरून.